शाळूचं पोतं आणि वाटपाचा दावा

वकिलांनी पहिल्या भेटीत कायद्याचा एक शब्द काढला नाही. पॅडमधला कोरा कागद ओढला, वर मधोमध माझ्या आजोबांचं नाव लिहिलं, भोवती चौकोन केला आणि विचारलं, "यांना बायका किती?" मी म्हटलं एक. शेजारी बसलेली आई म्हणाली, दोन. पहिली बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, लग्नाला जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं. चाळिशी उलटल्यावर मला कळतंय की मला आणखी एक आजी होती, आणि तेही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कोर्टासमोरच्या पत्र्याच्या ऑफिसात, बाहेर टायपिंगवाल्यांची खडखड चालू असताना. वकीलसाहेबांना त्याचं काही नाही. त्यांनी बाजूला एक छोटा चौकोन काढला, आत 'मयत, निःसंतान' लिहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "मुलं?"

वाटपाच्या दाव्याची तयारी अशी वंशावळीपासून सुरू होते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं आपण जाऊन आपलं गाऱ्हाणं सांगायचं, चुलत भावाने कसं फसवलं, वडील किती भोळे होते वगैरे, आणि वकील ते इंग्रजी नाहीतर कोर्टाच्या मराठीत लिहून काढणार. गाऱ्हाणं त्यांनी ऐकलं, नाही असं नाही, पण ऐकताना पेन बंद होतं. पेन उघडायचं ते फक्त नाव, नातं, जन्म-मृत्यूची तारीख आणि गट नंबर आला की.

आमची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण अशी गोष्ट महाराष्ट्रात घरटी एक आहे. आजोबा 1974 ला गेले. मागे दोन मुलगे, दोन मुली, आणि गावात साडेसहा एकर जमीन, बहुतेक जिरायत, एका विहिरीत हिस्सा. थोरले काका, म्हणजे आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, त्यांचं नाव सातबाऱ्याला लागलं आणि नावापुढे तीन अक्षरं, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं, कारण तो गावात आहे, सोसायटीचं कर्ज काढायचं तर एकच नाव सोपं पडतं, आणि धाकटा भाऊ नोकरीला बाहेर. माझे वडील एसटीत होते, आधी फलटण, मग स्वारगेट. त्यांना सातबारा बघायची कधी गरजच वाटली नाही. आबा होते ना.

मग कधीतरी सातबारे नव्याने लिहिले गेले आणि त्यात ती तीन अक्षरं गळाली. कुणी मुद्दाम गाळली का लिहिणाऱ्याचा कंटाळा, ते आता कुणीच सांगू शकत नाही. 'आबांचं नाव, मॅनेजर म्हणून' याचं 'आबांचं नाव' एवढंच झालं. वडील 2014 ला गेले, आबा 2019 ला. आबांच्या मागे वारस नोंद झाली ती फक्त त्यांच्या घरची, थोरली काकू, दोन दादा आणि ताई. फेरफार नोंदीची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात, हे सगळं रीतसर झालेलं आहे. चावडीवर लागलेली नोटीस पुण्यातून कोण वाचणार.

आम्हाला कळलं ते एका जाहीर नोटिशीतून. "तमाम लोकांस कळविण्यात येते की खालील वर्णनाची मिळकत आमचे अशिल खरेदी करीत असून..." हा मजकूर आपण पेपरात आयुष्यभर बघतो आणि पान उलटतो. गावातल्या एकाने फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली फक्त प्रश्नचिन्ह. गट नंबर आमचाच होता. इसार झालेला होता, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम दिली गेली होती.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य मी त्या महिनाभरात इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी मी मनातल्या मनात एक यादी करायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की हे मला सांगणारे सगळे असे आहेत ज्यांचं स्वतःचं नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर ठळक बसलेलं आहे. ज्याच्या ताब्यात आहे त्याला कोर्टाची पायरी नकोच असते, त्याला दिवस जाण्यातच फायदा. वेळ लागतो हे खरं आहे, देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत एक कोटीच्या वर दिवाणी प्रकरणं पडून आहेत, त्यात आमचं एक वाढणार. तरी गेलो.

वकीलसाहेबांचा दुसरा मोठा प्रश्न होता, दाव्यास कारण केव्हा घडलं? वादपत्रात हा परिच्छेद असावाच लागतो, अमुक तारखेला, या कोर्टाच्या हद्दीत, कारण घडलं. मी म्हटलं पेपरात नोटीस आली तेव्हा. ते म्हणाले, ती शेवटची तारीख झाली, पहिली सांगा. तुम्हाला हिश्शातून बाहेर काढलंय हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? यामागे 1963 चा मुदत कायदा आहे. उसने पैसे वसूल करायचे तर साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो. एकत्र कुटुंबातून कुणाला वगळलं असेल तर त्याला वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षं मिळतात. आणि मुदत गेली तर गेली, उशीर माफ करा असा अर्ज अपिलात चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. म्हणजे समोरचा काय म्हणणार, तर यांना 2005 पासून माहीत होतं, 1995 पासून माहीत होतं, झोपले होते. आणि आपण दाखवायचं की तोपर्यंत आम्ही घरातलेच होतो.

ते कसं दाखवायचं? इथे आई बोलली. आई म्हणजे त्या पहिल्या आजीचं सांगितल्यापासून नुसती बसलेली, पदराशी चाळा करत. ती म्हणाली, पोतं यायचं की.

दरवर्षी सुगी झाली की आबा शाळूचं पोतं पाठवायचे. कधी एक, बरं पिकलं तर दोन, वर एखादं गुळाचं ढेपेचं तुकडं फडक्यात बांधून. एसटीच्या पार्सलने यायचं, वडील स्वारगेटलाच असल्यामुळे उतरवून घेणं सोपं. वडील गेल्यावरही आलं, आबा असेपर्यंत आलं. आमच्या घरात ते पोतं म्हणजे प्रेम होतं, आबांची आठवण होती, फार तर 'गावचा शाळू वेगळाच लागतो' हे वाक्य होतं. वकीलसाहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने असतो, जोवर तो उघडपणे 'तुमचा काही संबंध नाही' असं म्हणत नाही तोवर. आणि उत्पन्नातला वाटा दरवर्षी येत होता म्हणजे तो तसं म्हणत नव्हता. "पोतं बंद कधी झालं?"

2020 ला. आई म्हणाली, आम्हाला वाटलं लॉकडाऊन आहे, गाड्या बंद आहेत म्हणून नसेल आलं. पुढच्या वर्षीही तसंच वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही, कसं विचारणार, पोतं का नाही पाठवलं असं विचारतं का कुणी. कोर्टाला तारीख लागते आणि आमच्याकडे एक न आलेलं पोतं आहे, जे कोविडमुळे आलं नाही की वारस नोंदीमुळे हे आम्हालाच धड ठरवता आलेलं नव्हतं.

बरं, पोत्याचा पुरावा काय? पावत्या कोण ठेवतं. पण वडील ठेवायचे म्हणजे पावत्या नाही, डायरी. एसटी कामगार संघटनेची नाहीतर एलआयसीची फुकट मिळालेली डायरी, त्यात रोजचा खर्च. दूध, रॉकेल, माझी शाळेची फी, आणि मार्च-एप्रिलमध्ये कुठेतरी 'आबांकडून शाळू 2 पोती, हमाली 10 रु.' माळ्यावरून त्या सगळ्या डायऱ्या खाली काढल्या, काहींना कसर लागलेली, आणि आम्ही दोघी बसून पानं शोधत राहिलो. इतकं सुंदर, सरळ अक्षर. वडिलांचं अक्षर हे त्यांचंच आहे हे कोर्टात सांगायला ते अक्षर ओळखणारं माणूस चालतं, म्हणजे आई चालेल, असं वकील म्हणाले. आईला त्याचं इतकं टेन्शन आलं की ती मला विचारत होती, उलटतपासणीत सगळी पानं ओळखायला लावतील का गं.

आणि त्याच डायरीत ते सापडलं. 1988. पुण्यातली आमची जागा घेतली त्या वर्षी. 'आबांकडून जागेसाठी 15000.' पुढच्या दोन-तीन वर्षांत 'आबांस 2000', 'आबांस 1000' अशा थोड्या नोंदी, आणि मग त्या थांबतात. पंधरा काही पूर्ण होत नाहीत.

आता हे पैसे काय होते? उसने? भावाने भावाला दिलेली मदत? का जमिनीच्या उत्पन्नातला वडिलांचा वाटा? का, जे दादा नक्की म्हणणार, 'काकांना त्यांचा हिस्सा रोख देऊन टाकला होता'? आईला माहीत नाही. तिला एवढंच आठवतं की आबा स्वतः आले होते, धोतराच्या सोग्यात बांधून पैसे घेऊन, आणि जेवून लगेच शेवटच्या गाडीने परत गेले.

मी वकिलांना म्हटलं, मग पोत्याची पानं तेवढी लावू या. ते हसले. म्हणाले, ताई, डायरी लावायची तर अख्खी लावायची, मूळ डायरी कोर्टात गेली की ती समोरच्याचीही झाली. तो 1988 चं पान मागणारच, आणि ते पान नसलं तर तुमचं पोतंही गेलं. शिवाय वाटपाच्या दाव्यात एकत्र कुटुंबाच्या सगळ्या मिळकती आणाव्या लागतात, पाहिजे ती आत आणि नको ती बाहेर असं करता येत नाही, तुमची पुण्याची जागा पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित, असं आपण म्हणणार आहोत पण ते म्हणणार की त्यात एकत्र कुटुंबाचा पैसा आहे. तर त्याची तयारी आत्ताच करा, बँकेची, पीएफची, सोसायटीच्या कर्जाची कागदं काढा. म्हणजे दादाच्या जमिनीवर दावा लावायला गेले आणि पहिलं काम काय आलं तर आमच्याच घराचे कागद शोधा.

कागदांचं सांगायचं तर सातबारा आता डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, आठ-अ निघतो, हे खरंच चांगलं झालंय, कुणी काही म्हणो. पण दाव्याला लागतात ते जुने. आजोबांच्या काळापासूनचा प्रत्येक फेरफार, ज्याला गावात अजून सहा-ड म्हणतात. गटवारी होण्याआधीचा सर्व्हे नंबर कुठला आणि आत्ताचा गट कुठला याचा मेळ. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्यायचा आणि वाट बघायची. पणजोबांच्या वेळची एक नोंद मोडी लिपीत निघाली, ती वाचायला मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी शोधावे लागले, त्यांनी भिंग लावून ती अशी वाचली की जणू कालच लिहिली आहे. चतुःसीमा आईने तोंडी सांगितल्या, पूर्वेला कुणाचं वावर, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट. लग्न होऊन आली तेव्हाच्या. त्यातली निम्मी वावरं आता विकली गेलीत.

याच नकलांच्या गठ्ठ्यात 1979 चा एक फेरफार होता, आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख मी त्या कागदासाठी लिहिते आहे.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर आबांचं नाव मॅनेजर म्हणून लागलं, तेव्हा दोन्ही आत्यांची नावं 'इतर हक्क' या रकान्यात लागली होती. बहिणींची नावं तिथेच लागायची तेव्हा. आणि 1979 ला ती कमी झाली. 'बहिणींनी जबाब देऊन आपला हक्क राजीखुशीने सोडला' असा मजकूर, तलाठ्यापुढचा वर्दी जबाब, खाली दोन अंगठे. आणि साक्षीदार म्हणून सही, माझ्या वडिलांची. तेच सुंदर, सरळ अक्षर.

वंशावळीचा कागद वकीलसाहेबांनी परत काढला आणि हिस्से लिहायला घेतले. आम्ही घरी इतकी वर्षं 'निम्मं' म्हणत होतो. दोन भाऊ, निम्मं-निम्मं. साडेसहा एकरातलं सव्वातीन एकर. त्यांनी आमच्या चौकोनाखाली लिहिलं 1/4. आई म्हणाली, चौथा कसा? "चार भावंडं आहेत ना काकू," ते म्हणाले. आधी कायद्याचं गणित वेगळं होतं, मुलींना बापाच्या वाट्यातला वाटा मिळायचा, अगदी थोडा. महाराष्ट्राने 1994 ला कायदा बदलला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेरच राहिल्या. मग 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा बदल आला, मुलगी जन्मानेच मुलासारखी सहहिस्सेदार. त्यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले, बाप 2005 ला जिवंत पाहिजे का नको यावर, आणि शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की बाप जिवंत असण्याचा काही संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी खरंखुरं वाटप होऊन गेलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आमच्यात वाटप झालेलंच नाही, हेच तर आम्ही सांगायला निघालोय.

"पण त्यांनी हक्क सोडलाय," आई म्हणाली. पेपर आहे की.

आणि इथे मला जे दिसलं ते दिसायला नको होतं असं वाटलं काही दिवस. आमच्या दाव्याचा कणा एकच आहे, की फेरफार नोंद म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, फेरफार हा शेतसारा कुणी भरायचा यासाठी असतो, त्याने हक्क तयार होत नाही आणि जातही नाही. म्हणून आबांचं एकट्याचं नाव लागलं तरी आमचा हक्क गेला नाही. ठीक. मग तोच फेरफार आत्यांचा हक्क कसा घालवेल? जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, सबरजिस्ट्रारसमोर. तलाठ्यापुढच्या दोन अंगठ्यांनी तो सुटत नाही. 2019 चा फेरफार खोटा आणि 1979 चा खरा, असं एकाच वादपत्रात म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येईल हो, वकील लोक काय वाट्टेल ते म्हणू शकतात, पण मला ते म्हणवेना. मी स्वतः मुलगी म्हणून बापाचा हिस्सा मागायला उभी राहणार आणि बापाच्या बहिणींना सांगणार की तुमचा अंगठा आहे.

एक आत्या, आक्का, वारल्या. माई आत्या आहे, कराडला, ऐंशीच्या आसपास. तिला फोन करायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. केला तेव्हा आधी तब्येत, मग सुनेची तक्रार, मग मी सांगितलं की असा असा दावा लावतोय आणि त्यात तुला प्रतिवादी करावं लागेल. भांडण नाही, पण वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतातच, एक जरी राहिला तरी दावा अडतो. ती म्हणाली, कर की, मला काय त्याचं. जमीन नको मला या वयात. मग मी त्या जबाबाचं विचारलं. तलाठ्याकडे कधी गेली होतीस का गं आत्या, अंगठा दिला होतास का?

ती जरा थांबली आणि म्हणाली, "अंगठा कशाला देईन? सातवी पास आहे मी. लग्नात सही करून आलेय."

मी पुढे काही विचारलं नाही. वडिलांची सही आहे हे तिला सांगितलं नाही. तिला बहुतेक माहीत असावं, किंवा नसावं, आणि आता ते शोधून काढायला माझ्याकडे ना वडील आहेत ना आबा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तेव्हा सगळेच करायचे असं. हे खरं आहे. रक्षाबंधनाला नाहीतर दिवाळीला बहीण माहेरी आली की साडी नेसवायची आणि कागदावर सही घ्यायची, बहिणीनेही माहेर तुटू नये म्हणून द्यायची, हे आजही चालतं. इथे तर बहिणीला बोलावण्याचाही त्रास घेतला नाही एवढंच.

बाकीची तयारी भराभर झाली, ती सांगण्यात फार राम नाही. खरेदीदाराच्या वकिलाला हरकत कळवली. दादाला नोटीस धाडली, एका दादाची पोचली, दुसऱ्याचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं, ते न फोडता जपून ठेवायचं, नकार म्हणजे पोचल्यासारखंच धरतात. मग उलट आमच्याच घरी कोर्टाची कॅव्हेट आली, म्हणजे दादांनीही वकील दिलाय आणि आता त्यांना कळवल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळणार नाही, कॅव्हेट नव्वद दिवस चालते. मनाईचा अर्ज, ज्याला सगळे निशाणी पाच म्हणतात, तो दाव्याबरोबरच जाणार, कारण विक्री थांबली पाहिजे. दादाचा एक व्हॉट्सअॅप मेसेज आहे, 'काकूंना सांग आबांचं होतं ते आबांबरोबर गेलं', त्यासाठी नव्या साक्ष्य अधिनियमातलं कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा फोन बदलू नका अशी तंबी मिळाली आहे. माझ्या फोनची स्क्रीन फुटलेली आहे, ती तशीच.

कोर्ट फीचा एक धक्का मात्र चांगला होता. महाराष्ट्रात 1994 पासून मालमत्तेच्या वादात बाई वादी असेल तर कोर्ट फी माफ आहे. पोटगी, घटस्फोट, अत्याचार, त्यातही. मला हे माहीतच नव्हतं. म्हणून वादी मी आणि आई, आणि मस्कतला असलेला माझा सख्खा भाऊ प्रतिवादी. त्याला वादी केला तर त्याच्या हिश्शाची फी, शिवाय दूतावासातून मुखत्यारपत्र करून आणा, ते इथे आल्यावर तीन महिन्यांत स्टॅम्प करा, हा सगळा व्याप. वाटपाच्या दाव्यात तसेही सगळेच वादी आणि सगळेच प्रतिवादी असतात, त्याला हिस्सा पाहिजे तेव्हा फी भरून मागेल. त्याला फोनवर हे समजावताना तो तीनदा म्हणाला, पण मी काय केलंय? फी तशीही फार नसती म्हणा, शेतजमिनीचं व्हॅल्युएशन बाजारभावाने होत नाही, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत होतं, आणि तो आकार म्हणजे काही रुपये आणि पैसे. ज्या जमिनीसाठी घर फुटलं तिची दाव्यातली किंमत वाचून आईला हसू आलं.

हिशेब असा बसतो. साडेसहा एकर म्हणजे 260 गुंठे. चौथा हिस्सा 65. त्यात आई, भाऊ, मी, तिघांत साधारण साडेएकवीस-साडेएकवीस गुंठे. जिरायतीला तुकडा वीस गुंठ्यांच्या खाली करता येत नाही, त्याच्या जेमतेम वर. आणि कोर्टाने उद्या हो म्हटलं तरी तो प्राथमिक हुकूमनामा, कुणाचा किती एवढंच सांगणारा. मग प्रकरण कलेक्टरकडे जाणार, मग मोजणी, मग सरस-निरस बघून प्रत्यक्ष तुकडे, मग ताबा. त्याच्यावर अपील वेगळं. मी सुरुवातीला सव्वातीन एकरासाठी चिडले होते. आता साडेएकवीस गुंठ्यांसाठी तितकीच चिडलेली आहे का, हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर हो असंच येतंय, याचं मलाच नवल वाटतं.

वादपत्राचा मसुदा आला तेव्हा वकीलसाहेबांनी एक जागा मोकळी ठेवली होती. म्हणाले, 1979 च्या जबाबाबद्दल आपण गप्प राहिलो तरी चालतंय, समोरचे कैफियतीत, म्हणजे त्यांच्या लेखी उत्तरात, काढतील तेव्हा उत्तर देऊ. काढतीलच असं नाही, कारण त्यांनाही ते परवडणारं नाही, आत्यांचा हिस्सा निघाला तर त्यांचंही निम्मं जातं. म्हणजे या एका गोष्टीवर आम्ही आणि दादा न बोलता एका बाजूला होतो. आई माझ्याकडे बघत होती. सत्यापनाखाली सही आम्हा दोघींची जाणार, 'वर लिहिलेला मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे', वर प्रतिज्ञापत्र वेगळं.

मी म्हटलं घाला. आई काही बोलली नाही, मग बऱ्याच वेळाने म्हणाली, त्यांच्या सहीचं लिहू नका फक्त. वकील म्हणाले, जबाबाची नक्कल जोडली की सही त्यात आलीच काकू, लपत नाही. परिच्छेद सहा. 'सदरचा कथित जबाब हा नोंदणीकृत नसून त्यावरील अंगठे हे प्रतिवादी नंबर 5 यांना मान्य नाहीत.' तीन ओळींचा आहे.

आक्का आत्यांचे तिघे वारस धरून, इसार देणारा खरेदीदार धरून, आमचा मस्कतवाला धरून प्रतिवादी दहा झाले. मे महिन्याच्या सुट्टीआधी दाखल करायचं असं ठरलंय, फायलिंगला त्रुटी काढतातच, त्या निस्तरायला चार दिवस हाताशी पाहिजेत. झेरॉक्सवाल्याकडे दहा सेट आणि कोर्टाचा एक टाकून आलेय, त्याने नग मोजून विचारलं, एवढी माणसं आहेत का घरात? कागद संपले होते त्याचे, उद्या दुपारनंतर या म्हणाला.